परतताना गाडी नंबर दोन

फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्याची शेवटची ओळ शरयूने वाचली तेव्हा तिच्या हातात दुधाचं पातेलं होतं, आणि ते ओट्यावर ठेवायचं सोडून ती तशीच उभी राहिली. ओळ तशी साधीच होती. 'सायं. ६.१५ परत. गाडी १ : मी, शरयू, आई, राघव. गाडी २ : दादा, वहिनी, मंजिरी.' येत्या रविवारी दोन्ही भावांच्या घरांनी मिळून आग्रा रस्त्यावरच्या नव्या थीम पार्कला जायचं ठरलं होतं, आणि तिच्या नवऱ्याने, संग्रामने, आपल्या स्वभावाप्रमाणे दिवसाचा तक्ता केला होता. संग्राम एका डेअरीत डिस्पॅच बघायचा. कोणती गाडी किती वाजता सुटणार, कोणते क्रेट कोणी चढवायचे आणि कोणी उतरवून घ्यायचे, हे बारा वर्षं लिहून लिहून त्याच्या डोक्यालाच रकाने पडले होते. त्यांच्या लग्नाचाही त्याने तक्ता केला होता आणि त्यात 'वधू-आगमन ११.२०' अशी नोंद होती. साताऱ्याहून आलेलं वऱ्हाड त्यावर इतकं हसलं की शरयूचा मामा अजूनही फोनवर पहिल्यांदा 'वधू पोचली का?' असंच विचारतो. तेव्हा तक्त्याचं नवल नव्हतं. नवल असलंच तर या गोष्टीचं, की वेळ, काम आणि जबाबदारी अशा तीन रकान्यांत पावणेतीन वर्षांच्या राघवपुढे सकाळपासून शरयूचं नाव होतं आणि सात महिन्यांच्या मंजिरीपुढे ९.४० पासून एकच शब्द खाली खाली उतरत गेला होता. दूध (बाटली) : वहिनी. कपडे बदलणे : वहिनी. झोप : वहिनी. पुन्हा दूध : वहिनी. आपल्या मुलीपुढे दिवसभरात आपलं नाव एकदाही नाही, हे तिच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. ते त्या शेवटच्या ओळीने लक्षात आणून दिलं. पातेल्याचा काठ बोटांना भाजायला लागला तेव्हा कुठे तिने ते खाली ठेवलं.

"मंजिरी परत येताना दादांच्या गाडीत का?" तिने विचारलं. संग्राम बूट घालत होता. "राघव झोपेल ना तेव्हा," तो म्हणाला, "मागे आडवा पडेल. जागा कमी होऊन जाते." शरयू म्हणाली, "मग राघवला पाठवू त्यांच्या गाडीत. मंजिरी माझ्या मांडीवर कितीशी जागा खाते?" यावर त्याने लेस दोनदा सोडून दोनदा बांधली. ती पुढे म्हणाली की आग्र्याकडून येताना हजीरा आधी लागतं, दादा-वहिनींचं घर तिथंच आहे, ते तिथे थांबणार की तिला पोचवायला इकडे हरिशंकरपुरमपर्यंत येणार, ते यात लिहिलेलं नाही. संग्राम उठला, किल्ल्या शोधल्या, हातातच होत्या, आणि जाता जाता म्हणाला, "अरे, बघू ना तेव्हाचं तेव्हा." दार लागलं. आता या माणसाने दुपारच्या जेवणानंतर हात धुवायलासुद्धा पाच मिनिटं लिहून ठेवली होती. तो 'तेव्हाचं तेव्हा' म्हणाला! गेल्या पाच वर्षांत शरयूने हे शब्द त्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

खरं तर तिला लगेच आठवले ते मानसिंगराव. ते तिचे सासरे. ती या घरात येण्याआधीच गेलेले, त्यामुळे तिने त्यांना पाहिलं ते हॉलमधल्या फोटोतच. पण त्यांची एक गोष्ट सासूबाई, सुधाताई, वर्षातून दोनदा तरी सांगायच्या, आणि मोठ्या कौतुकाने सांगायच्या. मानसिंगराव जन्माने धाकट्या घरातले. थोरल्या काकूला मूल नव्हतं. एका थंडीत दोन्ही घरं मेळ्याला गेली तेव्हा हे पावणेदोन वर्षांचे होते. "जाताना टांग्यात एकीच्या मांडीवर," सुधाताई सांगायच्या, "येताना दुसऱ्या टांग्यात दुसरीच्या मांडीवर. रडले पण नाहीत! सकाळी उठले ते थोरल्या घरात. दत्तकाचा होम वगैरे नंतर झाला, पण मूल दिलं गेलं ते मेळ्यातच." त्यांच्या सांगण्यात यात एक शहाणपण होतं. घरात बसून मूल मागितलं तर कोणती आई हो म्हणेल? तिच्याने तोंड उघडवणार नाही, आणि नाही म्हणाली तर दोन घरांत जन्माची अढी. त्यापेक्षा गर्दीत, पाळण्यांच्या आणि खजूरवाल्यांच्या आवाजात, मूल ह्या हातातून त्या हातात जातच असतं. कोणी मागत नाही, कोणी देत नाही, आणि देऊन होतं. "आमच्यात मूल घराबाहेर जात नाही आणि बाहेरून येत पण नाही," हे सुधाताईंचं शेवटचं वाक्य असायचं. नवी नवी असताना शरयूने एकदा विचारलं होतं, "आणि त्यांची आई? जन्म दिलेली?" सुधाताईंना प्रश्नच कळला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तिला आणखी होतं ना एक." शरयूला तेव्हा एकही नव्हतं, म्हणून तिने ते ऐकून सोडून दिलं. आता तिला दोन होती.

एकदा संशयाला दार उघडून दिलं की तो पाहुण्यासारखा ओसरीवर थांबत नाही, थेट माजघरात येतो. मग मागच्या सगळ्या गोष्टी नव्याने दिसायला लागतात. मंजिरीचं बारसं. संग्रामला बहीण नाही, म्हणजे मुलांना आत्या नाही, आणि आत्याशिवाय कानात नाव सांगणार कोण? तेव्हा काकू, म्हणजे शरयूची थोरली जाऊ हेमांगी, आत्या होऊन बसली. पाळण्याच्या वरून आणि खालून बाळ देण्याघेण्याचा तो खेळ झाला. एकीने द्यायचं, दुसरीने घ्यायचं, पुन्हा द्यायचं. शेवटच्या वेळी हेमांगीने घेतलं आणि द्यायला तिला जरा वेळ लागला. बायका हसल्या होत्या. मग तिने मंजिरीच्या कानाशी तोंड नेलं. तीन अक्षरांचं नाव ते, सांगायला किती वेळ लागतो? हेमांगी बराच वेळ वाकून होती. तिने नावाशिवाय आणखी काय सांगितलं असेल? हेमांगी कॉलेजच्या लायब्ररीत काम करायची, चाळिशी ओलांडलेली, कमी बोलणारी. तिच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि पहिल्या दहा वर्षांतले डॉक्टर, नवस आणि दिल्लीच्या खेपा या घरात सगळ्यांना पाठ होत्या, त्यानंतरच्या सात वर्षांबद्दल कोणी बोलत नव्हतं. शरयूला ती आवडायची. आवडायची हेच आता त्रासाचं झालं, कारण न आवडणाऱ्या माणसावर संशय घ्यायला बरं वाटतं, आवडणाऱ्यावर घेतला की माणूस आपल्याच नजरेतून उतरतं.

आणि बाटली! बाटलीचं तिला कसं आधी सुचलं नाही? गेल्या सोमवारपासून संग्राम मागे लागला होता, की मंजिरीला दिवसा बाटलीची सवय कर. पार्कात कुठे आडोसा शोधत बसशील, म्हणाला, आणि तिला तो विचारी वाटला. नवरा विचारी वाटला की बायकोने सावध व्हायला पाहिजे, असं तिची आई म्हणायची ते थट्टेत. मंजिरीने दोन दिवस बाटली थुंकली, तिसऱ्या दिवशी घेतली. घेताना तिने शरयूकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या रबरी बोंडाकडेच डोळे लावून चुटूचुटू पीत राहिली, आणि शरयूची छाती दाटून आली, दुधाने आणि रागानेही. आईपासून तोडायचं तर पहिल्यांदा हेच तोडावं लागतं, हे मेळ्याच्या वेळी कोणी केलं असेल? तेव्हाही कोणी असंच चार दिवस आधी वाटी-चमचा सुरू केला असेल? त्या बाईचं नाव काय होतं, हेही सुधाताईंनी कधी सांगितलं नव्हतं. फोटो नव्हताच. शरयू बाटली उकळत्या पाण्यात बुडवायची आणि तिला वाटायचं, ती बाई मेळ्यातून घरी आली असेल तेव्हा टांग्यात तिची मांडी किती हलकी झाली असेल.

हे सगळं खरं, पण सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे शरयू बघत नव्हती. ऑगस्टमध्ये मंजिरी दीड महिन्याची होती. संध्याकाळी पाच वाजले की ती रडायला सुरुवात करायची ती नऊपर्यंत. पोटात वात धरतो, म्हणत. हिंग लावून झाला, ओवा शेकून झाला, डॉक्टर झाले. राघव त्या आवाजाने बिथरायचा आणि भिंतीवर डोकं आपटायचा. एका संध्याकाळी हेमांगी आली होती. शरयूने मंजिरीला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वहिनी, घेऊन जा हिला. खरंच घेऊन जा." हसत म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. हसायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. हेमांगी बाळ घेऊन छतावर गेली. शरयू पलंगावर पडली. ती झोप तिला अजून आठवते. सहा आठवड्यांतली पहिली, खोल विहिरीत दगड पडावा तशी. जाग आली तेव्हा बाहेर अंधार होता, घरात शांत होतं, आणि पहिला विचार आला तो बाळाचा नव्हता. पहिला विचार होता की पंखा किती छान चालतोय. एवढंच. त्यानंतर मंजिरी आठवली. यात काही गुन्हा नाही, कोणीही दमलेलं माणूस असंच करेल, असं ती स्वतःला कितीदा सांगत आली होती. पण बोललेला शब्द या घरात कोणी विसरत नाही. हेमांगीने तो दादांना सांगितला असेल. दादांनी, सूर्याजींनी, संग्रामला. आणि मग तिघांनी, की चौघांनी, मिळून ठरवलं असेल की बोलली आहेच तोंडाने, आता विचारून कशाला दुखवायचं?

शुक्रवारी तर पुराव्यांचा नुसता पाऊसच पडला. सकाळी हेमांगीचा फोन. "ऐक ना, एका वेळी किती मिली पिते ती? आणि गरम किती पाहिजे, मनगटावर थेंब टाकून बघायचं ना?" शरयूने सांगितलं. पलीकडे लिहून घेतल्याचा आवाज आला. हेमांगी 'हं, हं' करत वहीत उतरवून घेत होती. "आणि झोपताना काय लागतं तिला? गाणं-बिणं? तुझी एखादी ओढणी देशील का, न धुतलेली?" ओढणी कशाला, असं शरयूने विचारलं. "वास लागतो म्हणे मुलांना," हेमांगी म्हणाली आणि घाईने फोन ठेवला. दुपारी कपाटातल्या निळ्या फोल्डरमध्ये मंजिरीचा जन्मदाखला नव्हता. संग्रामला फोन केला तर म्हणाला, माझ्याकडे आहे, पार्कात दोन वर्षांखालच्यांना फुकट सोडतात, पुरावा मागतात. मग राघवचा का नेला नाही? "त्याचं तर तिकीटच काढायचंय," तो म्हणाला. उत्तर बरोबर होतं. आजकाल त्याची सगळी उत्तरं बरोबर असायची, हेच तिला खटकत होतं. सुधाताई दुपारी मंजिरीला मांडीवर घेऊन तेल चोळत होत्या आणि आपल्याशीच बोलत होत्या, "थोरलीकडे गेली की लाडावून ठेवेल गं तुला ती, डोक्यावर बसवेल." शरयू कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, "कधी गेली की?" सुधाताई म्हणाल्या, "अगं, कधी पण."

आणि संध्याकाळी संग्राम बाल्कनीत फोनवर. या घराची एक रीत शरयूला दोन वर्षांनी कळली होती: भाजी, मुलं, देवधर्म, भांडणं, सगळं मराठीत, पण काही खरोखरच गंभीर असलं की माणसं नकळत हिंदीत शिरतात. सासऱ्यांचं आजारपण हिंदीत झालं होतं म्हणे, हजीऱ्याच्या दुकानाच्या वाटण्या हिंदीत झाल्या होत्या. संग्राम बाल्कनीचं दार ओढून घेऊन बोलत होता, ते पुरतं लागलं नव्हतं. "हाँ दादा. नहीं नहीं, उसको अभी कुछ मालूम नहीं है. संडे हो जाने दो ठीक से, फिर आराम से बता देंगे. माँ को भी." शरयू राघवला भात भरवत होती. राघवने तोंड उघडून धरलं होतं आणि घास येत नव्हता. "मम्मा, दे ना जल्दी," तो म्हणाला. तिने घास दिला.

शुक्रवारपासून ती 'नाही' म्हणायची तालीम करायला लागली. कणीक मळताना, मंजिरीला न्हाऊ घालताना, राघवची खेळणी उचलताना. एकदा ती पार्काच्या गेटवर सगळ्यांसमोर म्हणायची. एकदा गाडीचं दार धरून. एकदा शांतपणे, दाराशी आलेल्या विक्रेत्याला परत पाठवावं तसं. एकदा ओरडून, असं की आजूबाजूचे लोक आईस्क्रीम हातात घेऊन उभे राहतील. माझी मुलगी आहे, मी देणार नाही. वाक्य अगदी सोपं होतं आणि म्हणता म्हणता गुळगुळीत झालं. मधूनच तिला वाटायचं की आपण वेड्यासारखं करतोय, संग्रामला सरळ विचारावं. पण विचारलं आणि तो हो म्हणाला तर? त्याहून वाईट म्हणजे, 'तूच म्हणाली होतीस ना' म्हणाला तर? शनिवारी सकाळी संग्रामने राघवला फ्रिजला टेकून उभं केलं आणि डोक्यावर पट्टी ठेवून माप घेतलं. अठ्ठ्याऐंशी. पार्कातल्या कोणत्याही पाळण्यात बसायला नव्वद सेंटीमीटर लागत होते. "पंजों पे खड़ा हो," संग्राम म्हणाला. राघव चवड्यांवर उभा राहिला आणि लगेच पडला. शरयू म्हणाली, "म्हणजे हा कशातच बसणार नाही, मंजिरीचा प्रश्नच नाही. मग आपण जातोय कशाला? कोणासाठी?" संग्रामने पट्टी खिशात घातली. "माहौल असतो ना, यार," तो म्हणाला आणि डेअरीत निघून गेला. तिने खाली बसून राघवला पोटाशी धरलं. चार दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं, आणि ते राघवच्या दोन सेंटीमीटरसाठी आलं असं तिने मनात ठरवून टाकलं.

तीनच्या सुमारास हेमांगी आली. आतल्या खोलीत सुधाताई आणि राघव झोपले होते, मंजिरी हॉलमध्ये झोळीत झोपली होती. हेमांगीने येताच झोळीपाशी थांबून आत वाकून पाहिलं, हात लावला नाही, मग पाय न वाजवता स्वयंपाकघरात आली आणि पिशवीतून वस्तू काढून ओट्यावर मांडायला लागली. दोन नव्या बाटल्या. डायपरचं पुडकं, बरोबर मंजिरीच्या मापाचं. अंथरायचं प्लास्टिक. छोटा थर्मास. आणि ती वही. "उद्या मी सगळं माझ्याकडून आणून राहिली आहे," ती म्हणाली, "तू काहीच भरू नको तिचं." शरयूने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तालीम केलेलं वाक्य जिभेवर होतं, पण आलं ते दुसरंच.

"वहिनी, तुम्ही मंजिरीला घेऊन जाणार आहात का?"

"कुठे?"

"हजीऱ्याला. उद्या. गाडीतून तशीच. कायमची."

हेमांगीच्या हातात थर्मासचं झाकण होतं. ते तिने लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं आणि मग हळूहळू सगळं आलं, आणि ती गॅसच्या टाकीशेजारच्या स्टुलावर बसली. "हे भगवान," ती म्हणाली, "तू इतके दिवस हे घेऊन बसली आहेस?" शरयूने तक्ता सांगितला, बाटली सांगितली, दाखला, ओढणी, बाल्कनीतला फोन, सगळं सांगितलं, भराभर, धाप लागल्यासारखं. ऐकून झाल्यावर हेमांगीने मोबाइल काढला, एक फोटो उघडला आणि शरयूपुढे धरला. फोटोत एक बाळ होतं. डोक्यावर केस नाहीत, कान मोठे, अंगात मापापेक्षा मोठा पिवळा फ्रॉक; कोणाच्या तरी हाताने मागून धरलेलं, तो हात फक्त मनगटापर्यंत दिसत होता. बाळ कॅमेऱ्याकडे अतिशय संशयाने बघत होतं.

"आठ महिन्यांची आहे," हेमांगी म्हणाली. "भोपाळला आहे, संस्थेत. साडेतीन वर्षं दत्तकाच्या यादीत होतो आम्ही, कोणाला बोललो नाही. गेल्या शनिवारी फोटो आला. दोन दिवसांत हो की नाही सांगायचं होतं. आम्ही तर दोन मिनिटांत सांगितलं." तिने फोटो स्वतःकडे वळवून एकदा पाहिला. "पुढच्या गुरुवारी बघायला जायचं आहे. आणि शरयू, मला काहीच येत नाही. मी कधी कोणाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांभाळलंच नाही ना. तास-दोन तास सगळेच सांभाळतात. मला एक आख्खा दिवस पाहिजे होता. दूध, शी, झोप, रडणं, सगळं. आणि गाडीतलं पण. भोपाळहून तिला आणायची तर सात-आठ तास लागतात, वाटेत माझ्याजवळ राहिली नाही तर काय करणार मी? म्हणून भाऊजींना म्हटलं, येताना मंजिरी माझ्याजवळ ठेवा, बघू तरी. तिला तुमच्याकडे सोडूनच आम्ही हजीऱ्याला परत जाणार होतो. एवढं पण लिहिलं नाही त्यांनी?"

"नाही लिहिलं," शरयू म्हणाली.

"डिस्पॅचवाला आहे ना. गाडी सुटली की त्याचं काम संपून जातं."

दोघी हसल्या. हसता हसता शरयू ओट्याला टेकली. सुटकेला इतकं वजन असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मला का नाही सांगितलं, असं तिने विचारलं, आणि हेमांगी म्हणाली की तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, आणि तू आईंच्या डोळ्यांसमोर राहतेस. आईंचं तुला मालूम आहे. बाहेरचं मूल म्हटलं की त्या अन्न सोडतील. रविवार नीट पार पडला की सगळ्यांना एकदम सांगणार होतो. शरयूने फोटो पुन्हा मागून घेतला. कान खरंच मोठे होते. "गोड आहे," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. हेमांगीने मोबाइल पदराने पुसून पर्समध्ये ठेवला. मग सहज बोलावं तशी म्हणाली, "तू अगदीच खोटं नाही धरलंस. आईंनी दिवाळीतच मला म्हटलं होतं. धाकटीला मुलगा आहे, मुलगी तू घे, मी बोलते तिच्याशी. मी सांगितलं, नको."

आता इथे शरयूला बरं वाटायला पाहिजे होतं. संशय खोटा नव्हता, ती वेडी नव्हती, आणि धोका दिवाळीतच टळला होता; यापेक्षा जास्त माणसाला काय पाहिजे? पण तिच्या आत काहीतरी खट्टू झालं. चार दिवस तिने दाराला कडी घालून, पाठ टेकवून, दम धरून दार लावून ठेवलं होतं, आणि बाहेर कोणी ढकलतच नव्हतं. तिने विचारलं तेव्हा तिला स्वतःच्या आवाजातला अपमान स्पष्ट ऐकू आला.

"का? नको का म्हणालात?"

हेमांगीने वर पाहिलं. बोलावं की नाही याचा हिशोब तिच्या डोळ्यांत दिसला. "कारण तू दिली असतीस," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, दोषही नव्हता. लायब्ररीत पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते सांगावं तसं सांगितलं. "त्या ऑगस्टमध्ये मी छतावरून तिला खाली आणलं ना, तेव्हा तू झोपली नव्हतीस. मी तिला घेऊन दारात उभी होते. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे पाहिलंस, तिच्याकडे पाहिलंस आणि परत मिटून घेतलेस. मी उभी राहिले बराच वेळ. तू हात पुढे नाही केलेस. मला वाटलं, ही देईल. आज मागितली तर आज देईल. आणि मग पाच वर्षांनी, दहा वर्षांनी तुला जाग येईल, तेव्हा मी काय करू? कोणाकडे बघू?"

"मी झोपेत होते, वहिनी."

"असशील," हेमांगी म्हणाली.

शरयूने ती संध्याकाळ पुन्हा आठवायचा प्रयत्न केला. पंखा आठवला. अंधार आठवला. दारात कोणी उभं होतं का? आठवत नव्हतं. पण आठवत नव्हतं म्हणजे झालं नव्हतं, असं तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना. चार दिवस ती नवऱ्याच्या बोलण्यात, सासूच्या बोलण्यात, एका कागदाच्या तीन रकान्यांत चोर शोधत होती. तिला खूप भीती वाटली, तक्ता वाचताना वाटली त्याहून जास्त, कारण आता फोन करून विचारावं असं बाहेर कोणीच नव्हतं.

हॉलमध्ये मंजिरी जागी झाली. आधी नुसतं कुरकुरली, झोळीची कडी करकरली, आणि मग तिने हाक मारल्यासारखं एकच लांब रडणं काढलं. स्वयंपाकघरात दोघींचेही पाय उचलले गेले. शरयू आधी पोचली. दाराची कड कोपराला लागली तेही तिला कळलं नाही. तिने झोळीतून मंजिरीला उचललं आणि छातीशी धरलं, असं की पोरगी आधी थोडंसं रडत होती ती आता जीव तोडून रडायला लागली. ती मुलीसाठी धावली, की मागे उभ्या असलेल्या बाईला दाखवायला धावली? मंजिरीची गरम, घामेजलेली मान तिच्या गळ्याला चिकटली होती. हेमांगी दारातच थांबली होती, दोन्ही हात खाली सोडून.

"इतकं घट्ट नको धरू," ती हळूच म्हणाली, "श्वास घेऊ दे तिला."

शरयूने हात सैल केले. मग घाबरून पुन्हा आवळले, पुन्हा सैल केले. किती धरायचं ते तिला कळेना.